अकरा मिनिटांचा वळसा

‘ही एकशे सतरा नंबरची गाडी काढून टाकू या,’ ऑफिसातला नकाशेवाला म्हणाला. ‘हिचं काही खरं नाही.’

ती तेव्हा शेजारच्या पडद्यावर जुन्या पुलाचे आकडे सहाव्यांदा जुळवत होती आणि सहाव्यांदा ते जुळत नव्हते. मान न वळवताच तिने विचारलं, ‘काय केलंय तिने?’

‘रोज सकाळी जुन्या पुलाने जाते, रोज संध्याकाळी जुन्या पुलानेच परत. मधला पूल हिच्या रस्त्यावर अगदी नाकासमोर आहे, पण सहा आठवड्यांत एकदा म्हणून त्यावर चढलेली नाही. दर फेरीला अकरा मिनिटं जास्त. चालवणारा एक तर वेडा असेल, नाही तर प्रेमात पडलेला.’ तो स्वतःच्याच विनोदावर थोडं हसला. निवृत्तीला आठ महिने राहिलेला माणूस, त्याला आता कशाचंच ओझं वाटत नसे. ‘आपल्याला दोन्हींचा उपयोग नाही. उडवू?’

तिने पाहिलं. शहराच्या करड्या नकाशावर एक बारीक निळी रेघ, रोज त्याच वाटेने जाऊन जाऊन जाड झालेली. गाड्यांची ओळख पटू नये म्हणून प्रत्येक रेघेची दोन्ही टोकं अर्धा अर्धा किलोमीटर खोडलेली होती, ही तिचीच सूचना. पण बुधवारी ती रेघ वाकडी होऊन तरणतलावाच्या गल्लीत शिरत होती, आणि तिसऱ्या आठवड्यातल्या एका गुरुवारी जुन्या पुलाच्या चढावर चाळीस मिनिटं नुसती उभी होती. त्या गुरुवारी तिचं मागचं चाक बसलं होतं. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ, आणि ती रस्त्यावर गुडघे टेकून नट सैल करत होती. पाहणीला गाड्या कमी पडताहेत म्हणून साहेबांनी ऑफिसातल्या सगळ्यांना रस्ता नोंदवणारी छोटी डबी आपापल्या गाडीत बसवायला लावली होती. तिनेही बसवली आणि विसरून गेली.

‘राहू दे तूर्त,’ ती म्हणाली.

अकरा मिनिटं. तिला कोणी विचारलं असतं तर तिने चार सांगितली असती, फार तर पाच. आणि तेही विचार करून, कारण मिनिटं हा तिचा धंदा होता. शहराच्या मधोमध नदी, तिच्यावर तीन पूल: वरच्या अंगाला जुना, एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडणारा; मधला, सगळ्यांचा; आणि खालच्या अंगाला बाहेरचा, रुंद आणि नवा. एका काठावर माणसं झोपतात, दुसऱ्या काठावर कामाला जातात, आणि रोज सकाळी दीड लाख चालक स्टिअरिंगवर हात ठेवून ठरवतात की आज कुठून. कसं ठरवतात हे सांगणं हे तिचं काम. जुना पूल वाहनांना बंद करावा की नाही हे ज्यांना ठरवायचं होतं ते सोमवारी तिच्या अहवालाची वाट बघणार होते, आणि आज गुरुवार होता. तिचं मॉडेल म्हणत होतं की जुन्या पुलावरून शंभरातली नऊ वाहनं जातील. पुलाच्या तोंडाशी बसवलेलं यंत्र म्हणत होतं एकवीस. जास्तीची बारा तिथे काय करतात? तिने थांबण्याच्या वेळेचं वजन कमी केलं, तर जुना जुळला आणि बाहेरचा बिघडला. बाहेरचा सावरला, तर मधल्यावर अशी गर्दी झाली की त्या पुलाने प्रत्यक्षात कधी पाहिली नसेल. आखूड पांघरुणासारखं चाललं होतं, डोकं झाकलं की पाय उघडे. दुपारी साहेब दोनदा येऊन गेले होते. पहिल्यांदा म्हणाले, ‘माणसं शहाणी असतात असं धरून चला. वेळ वाचतो तिकडे जातात, संपलं.’ दुसऱ्यांदा म्हणाले, ‘आकडा हवा, कविता नको.’ यात तिने कविता कुठे केली होती, हे काही त्यांनी सांगितलं नाही. तिने फक्त एवढंच म्हटलं होतं, की काही लोक रस्ता निवडत नाहीत, टाळतात. आणि टाळण्यासाठी समीकरणात वेगळी जागा करावी लागेल. हे वाक्य बोलताना आपला आवाज किंचित चढला होता हे आत्ता तिच्या लक्षात आलं, आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

नकाशेवाला पाण्याची बाटली भरायला उठला. ती त्या निळ्या रेघेकडे बघत राहिली. मधल्या पुलावर गर्दी असते, म्हणून मी तिकडून जात नाही. हे ती इतकी वर्षं इतक्या सहज म्हणत आली होती की नवऱ्यानेही विचारणं सोडून दिलं होतं. पुलावर गर्दी असते आणि पूल उतरला की पहिल्याच वळणावर, डाव्या हाताला, दादाचं काचेचं दुकान. बाहेर आरसे टेकवून ठेवलेले. सिग्नलला थांबलं की त्या आरशांत रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या दिसतात, आपली स्वतःचीसुद्धा.

दादा तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. बाबा लवकर गेले, त्यामुळे सायकल शिकवण्यापासून तिच्या शाळेच्या वहीवर सही करण्यापर्यंत सगळं त्यानेच केलं. तो तिला बुटके म्हणायचा, आणि तिला ही नोकरी लागल्यावर रस्त्याची डॉक्टरीण म्हणायला लागला. ‘डॉक्टरीणबाई, आमच्या गल्लीला ताप आलाय, बघा जरा.’ आईला ते इतकं आवडायचं की ती शेजारणींना खरंच सांगायची, आमची लेक रस्त्यांची डॉक्टर आहे. आई दादाकडेच राहायची, पलीकडच्या काठावर, दुकानाच्या मागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. दवाखाना मात्र अलीकडे, ऑफिसच्या काठाला. सहा वर्षांपूर्वी सकाळी आठ बेचाळीसला दादाचा फोन आला. आईच्या छातीत दुखतंय, घाम आलाय. दवाखान्याची गाडी यायला पाऊण तास लागेल म्हणतात, मीच घेऊन निघतो. आणि मग, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच चेष्टा न करता, त्याने विचारलं, ‘कुठून जाऊ?’

तिच्यासमोर तेव्हा तिन्ही पुलांचे जिवंत आकडे होते, दर मिनिटाला बदलणारे. मधला सतरा मिनिटं, बाहेरचा नऊ. ती म्हणाली, ‘बाहेरच्याने जा. मधल्यावर आत्ता अजिबात घालू नकोस.’ त्या वेळचा आपला आवाज तिला अजून ऐकू येतो. त्यात घाबरणं होतंच, पण त्याच्या तळाशी आणखी काहीतरी होतं, आणि ते तिला सगळ्यांत जास्त छळायचं. तिला बरं वाटलं होतं. दादाने आपल्याला विचारलं याचं. आईच्या छातीत कळ येत होती आणि हिला आपल्या हुशारीचं कौतुक वाटत होतं. तो ‘हं’ म्हणाला आणि फोन ठेवला. आठ चोपन्नला बाहेरच्या पुलाच्या मधोमध वाळूचा ट्रक आडवा झाला. तिने ते पडद्यावर पाहिलं: हिरवी रेघ पिवळी झाली, मग लाल, मग काळपट. तिने फोन लावला. लागला, वाजत राहिला, कोणी उचलला नाही. चाळीस मिनिटं तो पूल हलला नाही. नऊ चाळीसला दादा आईला घेऊन दवाखान्याच्या दारात पोचला. डॉक्टर तरुण होता, थकलेला होता. तो म्हणाला, ‘थोडं आधी आणायला हवं होतं.’ एवढंच. मग रडणं, नातेवाईक, कागद, आणि तेरा दिवस माणसांनी भरलेलं घर. त्यात कोण कोणाला विचारणार की तू कुठल्या पुलाने आलास? दादा तिच्याकडे बघत नव्हता. जेवायला वाढतानाही नजर खाली. तिला कळायचं ते कळलं.

पुढे ऑफिसच्या संगणकात ‘चाचणी चार’ नावाचा एक कप्पा तयार झाला, ज्याबद्दल कोणालाच माहीत नव्हतं. त्यात ती एकच सकाळ पुन्हा पुन्हा चालवून बघायची. एक गाडी, पलीकडच्या काठावरून आठ त्रेचाळीसला निघालेली. बाहेरच्या पुलाने घातली की बरोबर ट्रकच्या मागे अडकायची, बरोबर नऊ चाळीसला दारात पोचायची. एवढं चोख तिचं कुठलंच मॉडेल कधी जुळलं नव्हतं. आणि मधल्या पुलाने घातली की? नऊ सहा. कधी नऊ आठ. एकदा, पावसाळी दिवसाची वजनं घालून बघितली, तर नऊ अकरा. पण नऊ चाळीस कधीच नाही. अर्धा तास. आईच्या आयुष्यातला तो अर्धा तास तिच्या एका वाक्यात गेला होता, आणि दादा इतका भला की त्याने ते कधी तोंडातून काढलं नाही. त्याचा भलेपणा तिला सहन होत नसे. तो एकदा ओरडला असता, ताट आपटलं असतं, तुझ्या त्या पडद्यांना आग लाव म्हणाला असता, तर बरं झालं असतं. पण नाही. लग्नकार्यात भेट झाली की ‘बरी आहेस ना?’ ‘बरी आहे.’ ‘पोरगी पोहते का अजून?’ ‘पोहते.’ वहिनी मधे पडून काहीतरी बोलायची, आणि दोघंही सुटल्यासारखे लोकांकडे बघून हसायचे. बुटके म्हणणं त्याने सोडलं. तेव्हापासून ती जुन्या पुलाने जायला लागली. ठरवून नाही. एक दिवस मधल्यावर काम चालू होतं म्हणून, दुसऱ्या दिवशी असंच.

नकाशेवाला बाटली भरून परत आला. ‘उडवली का?’

‘ती गाडी माझी आहे,’ ती म्हणाली.

तो खुर्चीत बसता बसता थांबला. वेडा किंवा प्रेमात पडलेला, हे दोन्ही त्याला एकदम आठवलं असावं, कारण तो ओशाळला. पण लगेच त्याच्या चेहऱ्यावर कामातलं कुतूहल आलं. ‘मग तर उत्तमच की,’ तो म्हणाला. ‘तीनशे बारा गाड्यांपैकी एकीला तरी विचारता येईल. का जाता हो तुम्ही तिकडून?’

‘मधल्यावर गर्दी असते.’

‘नसते,’ तो म्हणाला. अगदी साधेपणाने. त्याने दोन कळा दाबल्या आणि सहा आठवड्यांच्या सगळ्या सकाळी पडद्यावर आणल्या. ‘तुम्ही निघता त्या वेळेला नसते. हे बघा. सव्वानऊनंतर असते. तुम्ही पावणेनऊला निघता. आकडे तुमचेच आहेत, बाई.’

तिला एकदम त्याचा राग आला, त्याच्या स्वच्छ कॉलरचा, आठ महिन्यांनी सुटणार असल्याचा. ‘मग लिहा काहीही,’ ती म्हणाली. ‘सवय लिहा.’

‘सवय म्हणजे?’ तो म्हणाला. ‘ती कशाने लागली ते कळल्याशिवाय मॉडेलमध्ये घालायची कशी? उद्या पूल बंद केला तर सवय जाईल की राहील?’

तो बरोबर बोलत होता, आणि दुपारी हेच ती साहेबांना सांगत होती. तिने पर्स उचलली. साडेपाचही वाजले नव्हते. सोमवार डोक्यावर असताना ती असं कधी उठत नसे, आणि साहेबांच्या काचेच्या खोलीवरून जाताना त्यांनी घड्याळाकडे बघितलेलं तिला दिसलं. बघू देत.

गाडीत बसल्यावर तिने पहिल्यांदा ती काळी डबी शोधली. सीटखाली होती, एक हिरवा दिवा मिटमिटत. उपटून फेकावी असं तिच्या मनात आलं. चौकात जुन्या पुलाकडे उजवं वळण. मधल्या पुलाकडे सरळ. सिग्नल लाल होता. दीड लाख माणसं हे रोज करतात, तिने विचार केला, आणि मी त्यांच्याबद्दल बोलते ते जणू ती दाण्यांकडे वळणारी कबुतरं आहेत. स्टिअरिंग हाताखाली गरम होतं. हात उजवीकडे वळायला निघाला होता हे तिला स्पष्ट जाणवलं, आपल्याला न विचारता. मागून कोणीतरी हॉर्न दिला. तिने शिवी दिली, नेमकी कोणाला ते माहीत नाही, आणि गाडी सरळ घातली.

पुलावर खरंच गर्दी नव्हती. साडेतीन मिनिटांत ती पलीकडे होती. एवढंसं अंतर, याचाच तिला संताप आला.

दादाच्या दुकानात दुसरं कोणी नव्हतं. तो टेबलावर वाकून एक मोठी काच कापत होता. पट्टी धरलेली, हिरकणी एका दमात ओढलेली, तो बारीक किर्रर्र आवाज. केस पार पांढरे झाले होते. त्याने वर बघितलं, आणि दारात ती दिसल्यावर त्याचा चेहरा पहिल्यांदा घाबरला.

‘काय झालं? पोरगी बरी आहे ना?’

‘सगळे बरे आहेत.’

‘मग बस की. चहा सांगतो.’

‘चहा नको. मला एक विचारायचंय.’ तिला वाटलं होतं की आपण शांतपणे बोलू. पण आवाज फाटला. ‘सहा वर्षं तू मला काही बोलला नाहीस. एकदा बोलून टाक. मी सांगितलं बाहेरच्या पुलाने जा आणि तू गेलास, आणि अडकलास, आणि आई गेली. बोल ना. किती दिवस असं सभ्यपणाने वागणार आहेस माझ्याशी?’

दादाने हातातली हिरकणी हळूच बाजूला ठेवली.

‘मी बाहेरच्याने गेलोच नाही,’ तो म्हणाला.

‘काय?’

‘मधल्याने गेलो. तू सांगितलंस तेव्हा हं म्हटलं खरं. पण खाली आल्यावर गाडी इकडेच वळली. रोजचा रस्ता. आईपण म्हणाली, नेहमीच्याच पुलाने चल.’ त्याने तोंडावरून हात फिरवला. काचेची बारीक कणी गालाला लागली, चमकली. ‘मला वाटायचं, तुला ते कळलंय. तुझ्याकडे तर सगळं दिसतं ना तिथे. वाटायचं, तू मनातून म्हणत असशील, ह्याने माझं ऐकलं असतं तर आई वाचली असती. म्हणून तू इकडे फिरकत नाहीस. आता काय बोलणार होतो मी?’

‘बाहेरचा बंद होता,’ ती म्हणाली. ‘ट्रक उलटला होता. चाळीस मिनिटं बंद होता!’

‘त्या दिवशी?’

‘त्याच दिवशी! पेपरात आलं होतं.’

‘त्या दिवशीचा पेपर कोण वाचतंय,’ दादा म्हणाला आणि मागे चाचपत स्टुलावर बसला.

बाहेर सिग्नल सुटला, गाड्या गेल्या. आरशांतूनही गेल्या. ती टेबलाच्या कडेला धरून उभी होती आणि तिच्या डोक्यात, इतक्या वर्षांच्या सवयीने, घड्याळ चालू झालंच. ‘मग नऊ चाळीस कसे झाले? मधल्याने तू नऊ आठला पोचायला हवा होतास. पुलावर काय झालं?’

‘पुलावर काही नाही झालं. वीस-बावीस मिनिटांत पोचलो की.’

‘कसं शक्य आहे? तू फोन ठेवलास आठ बेचाळीसला.’

‘फोन ठेवला,’ दादा म्हणाला. ‘निघालो नाही लगेच. तिला घरातल्या कपड्यांवर यायचं नव्हतं. म्हणाली, चार माणसांत जायचंय. वहिनीने कपडे बदलून दिले. मग जिना. तीन मजले. प्रत्येक वळणावर बसायची, पदराने घाम पुसायची. उचलतो म्हटलं तर अशी रागावली, म्हणाली, मी काय पोतं आहे? फोन घरीच राहिला त्या गडबडीत, वाजला असेल तर कोणी ऐकला नाही. गाडीत बसवलं तेव्हा नऊ वाजून गेले होते. आणि मग म्हणाली, गॅस बंद केलास का बघून ये.’

‘गॅस.’

‘म्हटलं, वहिनी आहे ना वर, ती बघेल. ऐकेना. वर गेलो, बघून आलो. गाडी सुरू केली, तर म्हणाली, खालचा खटका बंद केलास का? नुसतं बटण नाही, खालचा. जीव घाबरा होत होता तिचा, मला वाटलं वाद घालण्यापेक्षा... पुन्हा गेलो. तीन मजले.’

तिच्या चाचणीत गाडी फोन ठेवल्याच्या क्षणी निघत होती. सहा वर्षं, शेकडो वेळा, आठ त्रेचाळीस. तिने पुलाच्या उताराचा कोन घातला होता, पावसाची वजनं घातली होती, सिग्नलचे सेकंद घातले होते. जिना घातला नव्हता. तिला हसू फुटेल की काय अशी भीती वाटली, आणि हसू आलं नाही, राग आला; साहेबांचा नाही, दादाचा नाही, स्वतःचाही नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला आईचा राग आला, चांगला सणसणीत, जिवंत माणसाचा यावा तसा. इतकी हट्टी बाई. इतकी नको तिथे हट्टी. त्या रागाबरोबर आईचा चेहरा आला, सहा वर्षांत आला नव्हता इतका जवळ: गाडीच्या मागच्या सीटवर बसलेली, घामेजलेली, कपाळाला आठ्या घालून दादाला वर पिटाळणारी.

‘आणि होता का?’ तिने विचारलं. तिचा आवाज तिलाच लहान मुलीसारखा वाटला. ‘गॅस?’

‘बंदच होता, बुटके,’ दादा म्हणाला. ‘दोन्ही वेळा.’